एका वेळी एकच दुखणं

दवाखान्यामागच्या खोलीत संसार मांडलेल्या बाईला किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. ते फळ्यांच्या भिंतीतून आपले आपण घरात येतात. बाटल्या धुता धुता कानावर पडतात, आणि आठवडाभरात इतके साठतात की कुणाला तरी सांगितल्याशिवाय पुढच्यांना जागा होत नाही. मी तशी कमी बोलणारी. लग्न होऊन इंदापूरहून बारामतीला आले त्याला पाच महिने झाले, आणि दवाखान्यातले निम्मे पेशंट अजून मला मुकी समजतात. त्यामुळे माझ्यासमोर सगळे मोकळेपणानं बोलतात. तेवढा फायदा!

आमचे हे दवाखान्यात कंपौंडर आहेत. पुढं डॉक्टरसाहेब, मध्ये औषधांची खोली, मागं आम्ही तिघं: हे, मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. पेशंटनी घरून आणलेल्या बाटल्या धुवायच्या, कागदाच्या पट्टीला डोसांचे दाते पाडायचे आणि ती पट्टी खळीनं बाटलीला चिकटवायची, हे काम लग्नाबरोबरच माझ्याकडे आलं. चुलीचं आत्याबाईंकडेच राहिलं.

डॉक्टरसाहेबांच्या हाताला गुण आहे, हे आधीच कबूल करते. पण त्यांचा एक नियम आहे. "एका वेळी एकच तक्रार सांगायची!" बाजारच्या दिवशी बाकड्यावर आणि बाकड्याखाली मिळून चाळीस माणसं असतात, वेळ कुठून आणणार, असं ह्यांचं म्हणणं. असेल. पण त्या चाळिसांतली निम्मी पन्नाशी उलटलेली, आणि पन्नाशी उलटून एकच दुखणं असलेलं माणूस मी तरी त्या बाकड्यावर पाहिलेलं नाही.

लांब कशाला जायचं? आत्याबाईंना दमा आहे. लघवीतून साखर जाते. दोन्ही गुडघे सुजलेले. आणि तळपायांची अशी आग होते की दुपारी ओलं गोणपाट पसरून त्यावर पाय ठेवून बसतात. हे म्हणतात, "आईचं काय, रोज नवीन असतं!" नवीन कुठलं? रोज तीच चार असतात. ऐकणारा एकेक ऐकतो आणि मागचं विसरतो. मग हे त्यांना गुलाबी मिक्श्चरची बाटली देतात. त्यात काय असतं ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण तो रंग मीच कालवते. रंग आणि पाणी!

*

डाळजहून एक तात्या आले होते. खोकला, कंबर आणि पोट अशी त्यांची तीन दुखणी. एवढ्या लांबून यष्टीनं आलेला माणूस, तिन्ही एका दमात सांगायला लागला.

"एकच! एकच सांगा!" डॉक्टरसाहेब.

तात्यांनी जरा विचार केला. मग बाकड्याकडं बोट दाखवून शांतपणे विचारलं, "मंग बाकीची दोन हितं ठिऊन आत येऊ का? कुनी न्हेनार तर न्हाय न्हवं?"

बाकड्यावरचे सगळे हसले. तात्याही हसले. हसताना त्यांनी कंबर दोन्ही हातांनी धरली होती, ते फटीतून मला दिसत होतं.

*

पळसदेवचं एक जोडपं दर पंधरा दिवसांनी येतं. दुखणं बाईचं, बोलतो नवरा. ही रीतच आहे. बाई डोईवरचा पदर ओढून जमिनीकडं बघत उभी, आणि नवरा डॉक्टरांना सांगतो, "हिचं डोस्कं लई दुकतंय." बाई पदराआडून हळूच मान हलवते. नाही नाही म्हणते. पण पदराआडची मान कोण बघतो? डोक्याच्या गोळ्या मिळतात, जोडपं परत जातं.

तिसऱ्या खेपेला ती मागच्या दारी पाणी प्यायला आली. मी तांब्या दिला आणि विचारलं, "डोकं कसं आहे?"

तिनं पाणी संपवलं. तोंड पुसलं. म्हणाली, "माझं डोस्कं कशाला दुकतंय, बाय? माझी पाट हाय आन् हाताचं सांधं हायती. मी कन्हते, त्यानं डोस्कं दुकतं त्यांचं!"

म्हणजे महिनाभर औषध नवऱ्याच्या डोक्याला चाललं होतं, आणि गोळ्या गिळत होती ही!

*

भवानीनगरच्या सोनाबाईंनी मात्र नियमाला बरोबर पेचात पकडलं. सोनाबाईंना दमा, पोटातली जळजळ आणि गुडघा. एकाच तक्रारीची परवानगी? ठीक! त्या दोन्ही सुनांना बरोबर घेऊन आल्या. बाकड्यावर बसल्या बसल्या वाटणी झाली. दमा स्वतःकडं ठेवला. थोरलीला जळजळ दिली, धाकटीला गुडघा. "कुटला ते इसरू नगंस. डावा!"

थोरली जळजळ सांगून पुडी घेऊन आली. धाकटी आत गेली, अठरा-एकोणीस वर्षांची, हरणासारखी चालत. डॉक्टरांनी गुडघा दाबला. ती घाबरून "आई गं" म्हणाली. झालं! डॉक्टरांना दुखणं सापडलं. त्यांनी ते गरम इंजेक्शन काढलं, शिरेतून देतात आणि सगळं अंग पेटल्यासारखं होतं ते.

पोरगी घामानं भिजून बाहेर आली, दंड धरून. "आत्याबाय, तुमच्या गुडग्याची सुई मला बसली! लई आग हुतिया!"

सोनाबाईंनी दम्याची बाटली पिशवीत ठेवली, तिला शेजारी बसवून घेतलं, पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "हुंदे. आता तरी सासूचं खरं वाटंल."

*

हसू इथपर्यंतच.

मारुतीआबा म्हणून इथलेच माळवं, म्हणजे भाजी, विकणारे आहेत. नळकांड्यातल्या निळ्या औषधात लघवी घालून ह्यांनी स्पिरिटच्या दिव्यावर धरली तर विटेसारखा लाल रंग आला. साखर! डॉक्टरसाहेबांनी सोमवारी बजावलं, "गूळ, साखर, सगळं बंद!" गुरुवारी आबा खोकल्यासाठी आले. वेगळा दिवस, वेगळी तक्रार. खोकल्याचं औषध मिळालं.

खोकल्याचं औषध साखरेच्या पाकात करतात. तो पाक मी उकळते. एकतारी.

मी ह्यांना म्हटलं, "अहो, साखर बंद केलेल्या माणसाला आपण पाक पाजतोय."

"ती तक्रार वेगळी, ही वेगळी," हे म्हणाले. "डॉक्टरांनी लिहिलंय ते मी देतो."

"पण आबा एकच आहेत ना?"

हे बाटलीला बूच लावत राहिले.

मग मी, दवाखान्यातली मुकी बाई, बाटली द्यायच्या निमित्तानं पुढं गेले आणि आबांना हळूच सांगितलं, ह्यात साखर आहे, पिऊ नका. आबांनी इकडंतिकडं बघितलं आणि माझ्याहून हळू आवाजात म्हणाले, "ठावं हाय, सूनबाय. घरात च्यात साखर घालत न्हाईत. म्हून तर हितं खोकतो!"

मला हसू यायला हवं होतं. आबांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. दोन महिन्यांपूर्वीची जखम. ती तक्रार सांगायची पाळी अजून आली नव्हती.

*

आणि एकदा पेठेतल्या शेठजींच्या मानेवर गळू आलं. एकच गळू. बरोबर पाच माणसं. डॉक्टरसाहेब बाकड्याला वळसा घालून स्वतः दारापर्यंत आले. गळू कापलं, पट्टी बांधली, जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्याला म्हणतात दुखणं! डोळ्यांना दिसतं तरी!"

सकाळपासून धापा टाकत बसलेली एक म्हातारी होती, पावलं सुजून लुगड्याच्या काठाबाहेर आलेली. ती म्हणाली, "सायेब, मंग आमालाबी येक गळू द्या की. दाखवाया!"

डॉक्टर हसले. पण तिचा नंबर काही पुढं घेतला नाही.

ह्या पाच महिन्यांत माझ्या ध्यानात आलेली गोष्ट ही. एक दुखणं असलं की माणूस पेशंट होतो. दोन झाली की कटकट्या. चार झाली, आणि त्यातून ती बाई असली, तर म्हणायचं, हिला सवयच आहे कुरकुरायची! वास्तविक चार दुखणी म्हणजे चारपट दुखतं असंही नाही. एक दुसऱ्याला धरून उठवतं. धाप लागते म्हणून आत्याबाई बसून राहतात, बसल्या की गुडघे धरतात, गुडघ्याच्या गोळीनं पोटात आग पडते, मग जेवण जात नाही आणि अंगात ताकद राहत नाही. हे मला, सातवी पास झालेल्या मुलीला, चुलीजवळ बसून कळतं!

*

आता आत्याबाईंचं.

आत्याबाई कधी पुढच्या दारानं दवाखान्यात गेलेल्या नव्हत्या. "घरचं माणूस, त्याला काय नंबर?" असं ह्यांचं ठरलेलं वाक्य. पण घरचं माणूस मागच्या दारानं येतं, आणि मागच्या दाराला डॉक्टर नसतो. परवा बाजारच्या दिवशी मी एक बाटली स्वच्छ धुतली, आत्याबाईंच्या हातात दिली आणि म्हटलं, "चला, बाकड्यावर बसू."

त्या पेटीतलं चांगलं लुगडं काढून नेसल्या.

दोन तास बसलो. नंबर आला. डॉक्टरसाहेब चकित. "अहो, तुम्ही रांगेत? कंपौंडर घरात असताना?"

"रांगंतल्याचं ऐकत्यात म्हनं," आत्याबाई म्हणाल्या. "ऐका. दम लागतो. गुडघं..."

"एकच, एकच."

"साकर जाती. तळपायाची..."

"आई, असं चालत नाही. माणसं खोळंबलीत." डॉक्टर चिडले नव्हते. समजुतीनंच बोलत होते, आणि माझा संताप त्यानंच झाला. "ह्यातलं सगळ्यात जास्त त्रासाचं एक निवडा. ते मी बरं करतो. बाकीची राहू देत."

आत्याबाईंनी खरंच विचार केला. बाजारात वांगी निवडावीत तसा, एकेक उचलून, बघून. औषधांच्या खोलीच्या दारात हातात मापाचा ग्लास घेऊन हे उभे होते.

"दम ऱ्हाऊ द्यावा," त्या म्हणाल्या, "तर चुलीपुडं धुरात बसवत न्हाय. पाय ऱ्हाऊ द्यावं तर दळान घिऊन गिरनीपतोर जाववत न्हाय. मला काय इच्यारता? खानारा त्यो हुबा हाय. त्यालाच इच्यारा, नुसतं पीठ पायजे का नुसता तवा!"

कुणी हसलं नाही. डॉक्टरसाहेबांनी ह्यांच्याकडं बघितलं. "बोला, कंपौंडर."

ह्यांनी ग्लास टेबलावर ठेवला. पुढं आले आणि आईसमोर उकिडवे बसले. रोज शंभर बाटल्या भरणारा माणूस, पण असा प्रश्न मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

"आई, पाय कधीपासनं दुखतात तुझे?"

"तुज्या डोईवर अक्षता पडल्या तवा सारा मांडव हुबा हुता," आत्याबाई म्हणाल्या. "मी येकलीच बसून टाकत हुते. तुजं त्वांड माज्याकडंच हुतं की रं."