गोदामातल्या यंत्राची पूजा

त्या प्रकरणाची फाइल बंद होऊन बरीच वर्षं झाली, तरी मराठी अक्षरातलं पाकीट कुठे दिसलं की मला अजून ते पत्र आठवतं.

माझे वडील नोकरीसाठी सिंगापूरला आले. मी इथेच जन्मलो आणि इथल्याच पोलीस दलात निवृत्त झालो. आईने घरात मराठी सुटू दिली नाही, त्यामुळे देवनागरीतला कोणताही कागद आला की तो फिरत फिरत माझ्या टेबलावर यायचा. बहुतेक वेळा तो हिंदी निघायचा. हे पत्र मात्र थेट पुण्याच्या वळणाचं होतं. "आम्ही फसलो आहोत. नाव देता येत नाही. पुढच्यांना तरी वाचवा." एवढाच मजकूर, खाली सही नाही आणि सोबत एका खर्चपत्रकाची झेरॉक्स.

खर्चपत्रक एका फ्रँचायझीचं होतं. आगीने, गळतीने किंवा पाइप फुटल्याने खराब झालेली घरं वाळवून, स्वच्छ करून पुन्हा राहण्याजोगी करून द्यायची, असा तो धंदा. फ्रँचायझी फी चाळीस हजार डॉलर. प्रशिक्षण सहा हजार. यंत्रांचा संच अडतीस हजार, म्हणजे हवेतली ओल शोषणारी यंत्रं, जोराचा वारा मारणारे पंखे आणि भिंतीतली ओल मोजायचं मीटर. शिवाय व्हॅन, विमा, गणवेश. बेरीज लाखाच्या वर जात होती. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं की विमा कंपन्यांकडून दरमहा कामं मिळतीलच.

धंदा मला कळत नव्हता, म्हणून आधी क्वीन्सटाउन भागातल्या एका म्हाताऱ्या चिनी ठेकेदाराला गाठलं. त्याचं अर्धं आयुष्य लोकांची ओली घरं वाळवण्यात गेलं होतं. कागद बघून तो हसला. "मशीन चीप वन. वेटिंग एक्स्पेन्सिव्ह," तो इथल्या तुटक इंग्रजीत म्हणाला. मग त्याने समजावून सांगितलं. छत गळलं की वरच्या मजल्यावरचा आणि खालचा भांडत बसतात. मग विमा कंपनीचा पाहणी करणारा माणूस येतो. मग पैसे तीन-चार महिन्यांनी सुटतात. तोवर कामगारांचा पगार, व्हॅन, कचरा उचलणं, सगळं आपल्या खिशातून. वर्षभर बसून खाता येईल एवढी रक्कम बाजूला असेल तरच माणसाने यात पडावं. आणि नवख्याला खात्रीची कामं कुठलीच विमा कंपनी देत नाही. या कागदावर या वाट पाहण्याच्या खर्चाचं नावही नव्हतं.

माझ्या हाताखालचा सार्जंट मात्र ढिम्म. "सर, स्टुपिड बिझनेस नॉट क्राइम, लाह," तो वाक्याच्या शेवटी इथला नेहमीचा 'लाह' लावत म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं. महागडा सल्ला देणं हा काही गुन्हा नाही.

कंपन्यांची नोंदणी कोणालाही पाहता येते. याच धंद्याच्या, एकाच पत्त्यावरून नोंदवलेल्या तीन नव्या कंपन्या सापडल्या. तिन्हींच्या संचालक मराठी बायका होत्या. एक सेंगकांगला, एक यिशुनला, एक क्वीन्सटाउनला. तिन्ही दारांवर एकच उत्तर मिळालं, "आमची काही तक्रार नाही."

सेंगकांगच्या घरात मी मराठी बोललो तेव्हा चहा लगेच आला, उत्तर नाही आलं. ती बाई पुण्याची सिव्हिल इंजिनिअर, इथे आठ वर्षं घरी बसलेली. नवरा आयटीत, नोकरीसाठी मिळणाऱ्या एम्प्लॉयमेंट पासवर. तो उठून दार लावून आला.

"सर, प्लीज. आमचा पास जाईल."

हळूहळू उलगडा झाला. ती नवऱ्याच्या पासवर इथे राहत होती. तिला धंदा करायचा तर वेगळी परवानगी लागते. फ्रँचायझी विकणारा म्हणाला होता, ते मागाहून बघू, आधी सह्या करा. आता तक्रार करायची म्हणजे आपलाच गुन्हा लिहून द्यायचा. मुलगी तिसरीत शिकत होती, पुण्यातला फ्लॅट विकून पैसे भरले होते, आणि परत जायची वेळ आली तर जाणार कुठे, हा प्रश्न. पासच्या नोंदी पाहिल्या तर तिन्ही घरांची हीच गत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपणच एकटे अडकलो. मला त्या विकणाऱ्याचा खरा राग आला तो तिथे. गप्प बसतील अशीच माणसं त्याने वेचून काढली होती.

मी पहिल्याच दिवशी तिला सांगितलं, "पास माझ्या हातात नाही. खोटी आशा देणार नाही."

ती म्हणाली, "कळलं. पण काका, मला काम हवं होतं हो. पैसे नंतरचे."

विकणाऱ्याला मी चौकशीला बोलावलं. एकेकाळचा बँकवाला, इथे कायम राहायची मुभा असलेला पर्मनंट रेसिडेंट, शर्टाला एक सुरकुती नाही. मराठी कार्यक्रमांत पहिल्या रांगेत बसणारा.

"साहेब, धंदा आहे. चालतो, नाही चालत. फी घेतली, शिकवलं, मशिनं दिली."

"मशिनं कुठे आहेत?"

"माझ्याच गोदामात. सरकारी फ्लॅटमध्ये एवढं सामान ठेवणार कुठे? मी फुकट जागा दिली, साहेब. कधीही या."

माझा अनुभव असा की 'कधीही या' म्हणणाऱ्याकडे ताबडतोब जावं. त्याच दुपारी सार्जंटला घेऊन गेलो. गोदामात एकच संच होता. बाकीचे दोन कामावर गेलेत, असं त्याने सांगितलं. कुठल्या कामावर, हे त्याला आठवेना. विक्रीच्या पावत्यांवर फक्त मॉडेलचं नाव होतं, यंत्राचा क्रमांक नव्हता. मी चार दिवस थांबलो असतो आणि त्याने भाड्याने दोन संच आणून उभे केले असते तर माझं तोंड बंद झालं असतं.

मी खाली वाकून ते ओल शोषणारं यंत्र बघत होतो. जाळीच्या आत पिवळी पूड अडकलेली होती, कडेला लालसर डाग.

"रस्ट, सर," सार्जंट म्हणाला.

मी बोट लावून वास घेतला. हळद होती. आमच्या घरी दसऱ्याला आई शिवणयंत्राला हळदकुंकू वाहायची आणि वर्षभर त्याच्या फटीतून ती पूड निघायची. सार्जंटला हे इंग्रजीत समजावताना माझी भंबेरी उडाली, पण पाय सेंगकांगकडे वळले होते.

"दसऱ्याला तुम्ही यंत्राची पूजा केली होती का?" मी दारातच विचारलं.

ती म्हणाली, "केली की. नऊची वेळ दिली होती त्यांनी. गोदामात जागा कमी आहे म्हणाले."

फोनमध्ये फोटो होता. झेंडूचा हार, हळदकुंकू, पेढा आणि हारामागे यंत्राच्या क्रमांकाची पट्टी, प्रत्येक आकडा स्पष्ट. मी तो गोदामातल्या क्रमांकाशी ताडून पाहिला. तोच होता. पण त्यावरून एवढंच ठरत होतं की ते यंत्र तिचं. उरलेल्या दोघींनी त्या दिवशी काय केलं, हे कळल्याशिवाय काही उपयोग नव्हता, आणि त्या दोघी माझ्यासाठी दार उघडत नव्हत्या.

हे मी तिला सांगितलं. फोटो जबाबाला जोडायचा तर जबाब द्यावा लागेल आणि जबाबात बिनपरवानगीच्या धंद्याची गोष्ट येईल, हेही सांगितलं. नवरा म्हणाला, "नको."

"मी गप्प बसले तर तो चौथीला शोधेल," ती म्हणाली. "कंपनी माझ्या नावावर आहे ना? मग सही पण माझीच."

नवऱ्याने मान खाली घातली. "पत्र मीच टाकलं होतं, सर," तो म्हणाला. तिला ते माहीत नव्हतं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः त्या दोघींना फोन केले. मी महिनाभर जे करू शकलो नव्हतो ते तिने अर्ध्या तासात केलं. दोघी ठाण्यावर आल्या, फोटो घेऊन. एकीला साडेदहाची वेळ मिळाली होती, दुसरीला बाराची. हार वेगळे, पेढ्यांचे डबे वेगळे, क्रमांक तोच. तिसऱ्या फोटोत तर आधीच्या कुंकवाचा पुसट डाग तसाच दिसत होता.

विकणाऱ्याला पुन्हा बोलावून मी तीन फोटो टेबलावर ओळीने मांडले. त्याने पहिला पाहिला, दुसरा पाहिला, तिसऱ्याला हात लावला नाही. पाणी मागितलं.

"पूजेला नाही कसं म्हणणार होतो, साहेब?" तो शेवटी म्हणाला. "दसरा होता. आपलीच माणसं."

एक संच तिघींना विकल्याचं त्याने कबूल केलं. विमा कंपन्यांशी करार कधीच झाला नव्हता, हेही. जबाब वाचून दाखवला, प्रत्येक पानावर सही घेतली. पुढे त्याला शिक्षा झाली. थोडे पैसे परत मिळाले, बरेच नाही मिळाले.

त्या बाईने तपासाला मदत केली, असं मी पास देणाऱ्या खात्याला लिहून कळवलं. नियम नियम असतो, त्याची मला तक्रार नाही. पासचं नूतनीकरण झालं नाही आणि शाळेच्या सुट्टीत ते कुटुंब पुण्याला परत गेलं. उरलेल्या दोघींना वेगवेगळ्या कारणांनी राहता आलं. निरोपाला मी गेलो होतो. वाईट वाटतंय, एवढंच म्हणालो.

"तुम्ही काही लपवलं नव्हतंत, काका," ती म्हणाली.

गुन्हेगाराला काय शिक्षा होईल याचा विचार आम्ही पोलीस रोज करतो. खरं बोलणाऱ्याला काय सोसावं लागेल, हा विचार मला त्या प्रकरणाने करायला लावला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत जबाबाचा कागद पुढे करण्याआधी मी प्रत्येक साक्षीदाराला विचारत असे, यात तुमचं काय जाईल? बरेच जण उत्तर देऊन उठून गेले, आणि मी कोणाला अडवलं नाही. सेंगकांगच्या त्या बाईला आपलं काय जाणार ते पुरतं ठाऊक होतं, आणि तिने पेन माझ्याकडून मागून घेतलं होतं.