जागा नक्की होऊ दे

चीफकाकांना एका जागी बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चहाला आले तरी कप हातात धरून खिडकी, दार, पुन्हा खिडकी. "अहो, बसा की!" म्हटलं, की "बसतो गं, कुठे पळून चाललोय?" उमेदीची वर्षं जहाजांवर चीफ इंजिनियर म्हणून गेली, मग इथे परदेशात हार्बरफ्रंटला ऑफिस, आणि पासिर रिसला आमच्याच इमारतीत भाड्याचा फ्लॅट. त्याच्या भिंतीत त्यांनी एकही खिळा मारला नव्हता. घरमालक नको म्हणायचा हे खरं, पण यांनी विचारलं तरी कधी होतं? लग्नाचा फोटो वर्षानुवर्षं फ्रिजला टेकून उभा. "आपण काय, इथे कामाचा पास आहे तोवर," हे त्यांचं पालुपद.

अशा माणसाने मासेमारीची जुनी, छोटी बोट घेतली. या देशात त्यांच्या मालकीची तेवढीच एक वस्तू. तिला सोनार यंत्र बसवायचं होतं. त्याचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून तळ आणि मासे टिपणारा मुठीएवढा तुकडा, बोटीच्या मागच्या बाजूला खाली स्क्रूने लावतात. इंजिनाच्या पंख्याजवळ लावला तर बुडबुड्यांनी चित्र बिघडतं, फार वर लावला तर वेगात पाण्याबाहेर येतो. काकांना सगळं तोंडपाठ. पण बोटीला भोक पाडायचं म्हटलं की हात आखडायचा. "जन्मभर पाणी आत येऊ नये म्हणून झिजलो, आता मीच वाट करून देऊ?"

मग काय, काकूंचा पोळपाट गायब! त्याचे पाय कापून, त्यावर ट्रान्सड्यूसर बसवून काकांनी तो क्लॅम्पने बोटीला आवळला. पहिल्याच रविवारी तळ छान दिसला. पण नाही! "याहून बरी जागा असेल." मग दर रविवारी जरा डावीकडे, जरा खाली, आणि वेग घेतला की पडदा कोरा. पडद्यावर नजर ठेवायचं काम माझं. "अहो, मासे कधी धरायचे?" मी वैतागायचे.

"आधी जागा नक्की होऊ दे."

तिकडे काकू ओट्यावर पोळ्या लाटत होत्या आणि मनसोक्त बोलून घेत होत्या.

एक दिवस ऑफिसने काकांना नोकरीतून निरोप दिला. पास गेला, पुण्याला परतायचं ठरलं. बोट बेडोकच्या एका चिनी अंकलनी घेतली. पोळपाट पाहून ते पोट धरून हसले. "हे यंत्र कुठे बसवू? तुम्हीच सांगा लाह." इथे प्रत्येक वाक्याला 'लाह'चं शेपूट.

काका कधी नव्हे ते स्तब्ध उभे राहिले. मग पेन्सिलने खूण केली, ड्रिल मागितलं आणि आपल्या हाताने भोकं पाडली. भोकांतून पाणी येऊ नये म्हणून भरलेलं सीलंट वाळल्यावर आम्ही तिघं फेरीला गेलो. अंकलनी वेग घेतला, तरी पडद्यावर तळ लख्ख!

"काका, दिसतंय!" मी ओरडले.

"दिसणारच. पहिल्या रविवारचीच जागा आहे." त्यांनी पडद्याकडे पाहिलंही नाही. ते किनाऱ्याकडे बघत होते. मला भयंकर राग आला, आणि रडूही.

परवा पुण्याला फोन केला. घर स्वतःचं, भिंती स्वतःच्या. काकू म्हणाल्या, "फोटो अजून फ्रिजलाच टेकलाय बघ."

"काका, मारा की आता खिळा!"

पलीकडून चपलांचा आवाज येत होता, या खोलीतून त्या खोलीत.

"मारतो गं. जरा जागा नक्की होऊ दे."