जोत्यावरचा नारळ

वडिलांचं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. हे मी आयुष्यभर इतक्यांदा सांगितलंय, की ऐकणाऱ्याला वाटावं मी दर सुट्टीत तिथेच असायचे. प्रत्यक्षात वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत मी तिथे एकदाही गेले नव्हते. गावावर कविता मात्र अकरा लिहिल्या होत्या.

त्यातली एक बऱ्यापैकी गाजली. अधूनमधून गावी जाणाऱ्या चुलतभावाने आमच्या पडलेल्या घराच्या जोत्याचा फोटो फोनवर पाठवला होता. तो बघून, डोंबिवलीच्या गॅलरीत बसून लिहिलेली.

उरलं आहे नुसतं जोतं,
त्यावर वाळकं गवत,
आमच्या नावानं इथे आता
दिवाही कुणी नाही लावत.

संमेलनात ही वाचली की माणसं डोळे पुसायची. मीही पुसायचे. खोटं कशाला बोलू, स्वतःच्या कवितेवर रडायला मला फार आवडतं.

गेल्या शिमग्याला मनात आलं, ही कविता त्या जोत्यावर उभं राहूनच वाचायची. वाडीत देवीची पालखी घरोघर फिरते, हे चुलतभावाकडून कळलं होतं. ज्या दारातून नारळ येत नाही तिथे ती थांबत नाही, आणि एकदा वगळलेलं घर पुन्हा घेत नाहीत. वडील जाऊन वीस वर्षं झाली. त्याआधीही गिरणीतल्या नोकरीमुळे आणि मग आजारपणामुळे त्यांना शिमग्याला जाणं जमलं नव्हतं. म्हणजे आमचं घर केव्हाच वगळलेलं असणार. पालखी जोत्यावरून सरळ पुढे जाताना बघायची आणि मग कविता वाचायची, असा बेत होता. दुःखाचीसुद्धा मी तयारी करून निघाले होते.

महाडला उतरून पोलादपूरची सकाळची एसटी धरली. औद्योगिक वसाहतीतली रात्रपाळी संपवून घरी निघालेली माणसं माना टाकून झोपली होती. पोलादपूरला रिक्षा केली. रिक्षावाल्याने वाडीचं नाव ऐकून विचारलं, "पालखीला काय?" मी हो म्हणाले, आणि उगाचच माझी छाती फुगली.

वाडीत एका दारात माझ्याच वयाची बाई उभी होती. मी वडिलांचं नाव सांगितलं. "आलीस होय गो? बरं झालं," ती म्हणाली, जणू मी बाजारातून परत आले होते. नात्याने ती माझी वहिनी लागते, हे तिनेच सांगितलं. शेजारी आमचं जोतं होतं. गवत काढलेलं, शेणाने सारवलेलं, मधोमध रांगोळी. मला आधी रागच आला. आमच्या जोत्याला हात लावला कुणी? आणि माझ्या कवितेतलं गवत गेलं कुठे?

तेवढ्यात ढोल जवळ आला. पालखी वहिनीच्या दारात थांबली, नाचली आणि तिथून थेट आमच्या जोत्यावर आली. वहिनी घरात जाऊन दुसरं ताट घेऊन आली. नारळ, तांदूळ, हळदकुंकू. गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्याने हात जोडून माझ्या वडिलांचं नाव घेतलं आणि म्हणाला, "त्याची लेकरां मुंबयला हायत, त्यांना सांभाळ गो आई."

वडिलांचं नाव इतक्या मोठ्याने घेतलेलं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. रडू आवरलं नाही, आणि या वेळी कवितेचा काही संबंध नव्हता.

आमच्या नावाचा नारळ दरवर्षी वहिनी देत होती. तिच्याआधी तिची सासू द्यायची. आम्हाला ते कळवावं, असं दोघींनाही कधी वाटलं नव्हतं.

पालखी पुढे गेली आणि नको तेच झालं. चुलतभावाने माझी कीर्ती आधीच पोचवली होती. "कविता करतेस ना तू? वाच की गो," वहिनी म्हणाली. आणखी चारपाच जणी पडवीत येऊन बसल्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शेवटच्या ओळी गाळाव्यात, असं मनात आलं. पण ती आणखी एक लबाडी झाली असती. मी सगळी वाचली.

टाळ्या पडल्या नाहीत. वहिनीने जरा विचार केला. "दिवा नाय लावत, ते खरा हाय," ती म्हणाली. "वारा लय असतो हितं, टिकत नाय. म्हणून नारळ देतो."

मला हसू फुटलं, मग सगळ्याच हसल्या. हसू ओसरल्यावर तिने सांगितलं, "पन पुढल्या साली मी हितं नाय. लेक कंपनीत लागलाय, खाली बिरवाडीला खोली घेतलीय त्यानं. गुडघे गेले गो माझे, ही चढन होत नाय आता."

म्हणजे आता दोन्ही घरं एकदम वगळली जाणार होती.

"मग नारळ?"

"तू दे की. तुझ्या जोत्याचा, नि माझ्या दारातला पन."

बघू, जमलं तर, हे नेहमीचं उत्तर जिभेवर आलं होतं. ते गिळलं आणि त्याहून वाईट काहीतरी बोलले. "वहिनी, तुमच्यावर मी कविता लिहीन."

"कविता काय, मोबायलवर पन येते," ती म्हणाली. "तू ये."

"येते," मी म्हणाले. तिचा विश्वास बसला नसावा. तिने मला दंडाला धरून आत नेलं, दोन रिकामी ताटं पुढ्यात मांडली आणि आधी तांदूळ, मग नारळ, शेंडी देवीकडे, असं माझ्याकडून दोनदा करून घेतलं.