पेटी नाही, तबला नाही

"आवाज पुढं न्यायचा नाय," असं म्हणत काका तळहात हळूच खाली दाबायचे. मांडवीतल्या आमच्या विहारात बुद्धवंदना तेच सांगायचे. सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. कोणी जरा सूर लांबवला की ते थांबत. "गवय्यांनी बाहेर बसा. हितं सगल्यांनी एकत्र म्हणायचं." तुमच्याही वस्तीत असा एखादा शिस्तीचा माणूस असेलच.

लॉकडाऊन लागलं तेव्हा काकी मुंबईला लेकीकडे होत्या. तिथेच त्या आजारी पडल्या आणि गेल्या. काकांना शेवटचं तोंडही पाहता आलं नाही. विहाराला कुलूप, त्यामुळे गेलेल्या माणसासाठी तिथे होणारा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही राहिला. शेजारी मी राहतो. त्यांच्या घरातून रोज ऐकू येणारी वंदना बंद झाली, तेव्हा मी कुंपणावरून विचारलं.

"एकट्यानं काय म्हणायची? मागं कोण नाय," ते म्हणाले. मला त्यांची काळजी वाटू लागली.

माझी भाची अमेरिकेत शिकते. तिने मला तिकडच्या शेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाची जुनी गाणी पाठवली होती. ती मी काकांच्या फोनवर धाडली. दुसऱ्या दिवशी ते कुंपणापाशी आले.

"पेटी नाय, तबला नाय. कोण ही माणसं?"

मी सांगितलं, लग्न न करता, एकमेकांना बहीण-भाऊ मानून एकत्र राहणारी, कष्ट करणारी माणसं. आता फारच थोडी उरलीत.

"तरी गातात?"

"गातात."

फोनवरचं एक गाणं त्यांनी पुन्हा लावून ऐकलं. मग म्हणाले, "देव त्यांचा त्यांच्यापाशी राहू दे. एकत्र म्हणतात, तेवढं बघ."

त्यानंतर सकाळी अंगण झाडताना ते त्या गाण्यांबरोबर गुणगुणू लागले. शब्द कळत नसत, सूरही जेमतेमच. पण त्या घरातून पुन्हा माणसाचा आवाज येऊ लागला, आणि मला फार बरं वाटलं.

विहार उघडल्यावर काकींचं पुण्यानुमोदन झालं. तोंडाला मास्क लावून आम्ही लांब लांब बसलो होतो. वंदना झाली आणि काकांनी फोन माझ्या हातात दिला. "त्यातलं एक लाव. ही माणसं माझ्यासंगं बसली. आज तिच्यासाठी बसू देत."

गाणं लागलं. कोणाला एक अक्षर कळलं नाही. ते संपलं, तसं मागच्या म्हाताऱ्या बायकांनी, गाथा संपल्यावर जोडतात तसेच हात जोडले आणि त्या म्हणाल्या, "साधू, साधू, साधू."

काका गेल्या वर्षी गेले. मला ते अजून त्या दिवशीच्या विहारातच दिसतात. काकींच्या फोटोसमोर, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, सगळ्यांदेखत रडताना.