हळू चेंडू

अमेरिकेत मुलीकडे गेले होते, तेव्हाची गोष्ट. शेजारच्या सत्तरीतल्या मार्थाबाईंनी कुंपणापलीकडून टोमॅटो फेकला आणि तो अलगद माझ्या ओंजळीत येऊन पडला. मी नेमाचं कौतुक केलं, तशा त्या हसल्या.

"रक्तातच आहे. माझे आजोबा बेसबॉलमधले पिचर होते. तुमच्या क्रिकेटमधल्या गोलंदाजासारखे."

शंभर वर्षांपूर्वी आजोबा शहरातल्या मोठ्या संघात वेगवान चेंडू टाकायचे. दुसऱ्याच वर्षी खांदा कायमचा दुखावला आणि संघाने त्यांना घरी पाठवलं. मग ते गावच्या मैदानावर जाऊन हळू चेंडू टाकायला शिकले, इतका हळू की चेंडू पोचायच्या आत फलंदाज बॅट फिरवून मोकळा व्हायचा! पुढे तोच मोठा संघ गावात मैत्रीचा सामना खेळायला आला, तेव्हा त्यांचे तीन तगडे फलंदाज आजोबांनी ओळीने बाद केले.

जोर सरला की आपण हात आवरता घेतो. पण हातात अजून काय काय शिल्लक आहे, ते तेव्हाच तर कळायला लागतं.

"मग संघाने परत बोलावलं असेल त्यांना?" मी विचारलं.

"बोलावलं ना! आजोबा म्हणाले, 'येईन कधीतरी. आता मला घाई नाही.'"