थांबलेल्याचा दिवा

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्राचे नियम इतके कडक पाळणारा माणूस आमच्या मामांखेरीज दुसरा नसावा. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. अख्ख्या नोकरीत त्यांनी समुद्र एकदाच पाहिला, तोही आगगाडीच्या खिडकीतून, आणि तेव्हाही ऊन लागतं म्हणून शेजारच्यानं खिडकी ओढून घेतली. तेवढ्या दर्शनाच्या जोरावर त्यांनी निवृत्तीनंतर शिडाची होडी बांधायला घेतली. बांधली कुपवाडच्या एका फायबरच्या कारखान्यात, जिथे एरवी पाण्याच्या टाक्या होतात. कारखानदार शेवटपर्यंत विचारत होता, "सुभेदार, झाकण कुठं बसवायचं?" होडी कोयना धरणाच्या फुगवट्यावर न्यायची, नांगर टाकायचा आणि आत्याला घेऊन एक रात्र पाण्यावर राहायचं, असा मामांचा बेत होता. आत्याला तो सगळ्यांत शेवटी कळला. ती पाण्याला भिते. विहिरीत पोहरा सोडतानाही ती दोन पावलं मागे उभी राहते. चाळीस वर्षांच्या संसारात मामांनी हे कधी पाहिलं नव्हतं, कारण त्यातली बरीचशी वर्षं ते सरहद्दीकडे पाहत होते.

आत्यानं वाद घातला नाही. फक्त म्हणाली, "आन अंधारात कोण येऊन धडाकलं तर?" बाई नाही म्हणाली हे कुणालाही कळलं असतं. मामांना मात्र तो तांत्रिक प्रश्न वाटला. योग्य दिवा मिळाला की आत्या होडीत बसणार, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं आणि मला सांगलीहून बोलावून घेतलं. "तुझ्या बापानं इंग्लिश मीडियमची फी भरली ती कशापायी?" एवढं त्यांना पुरेसं होतं. नांगरलेल्या होडीवर चहूबाजूंनी, दोन मैलांवरून दिसेल असा पांढरा दिवा हवा, हा नियम मीच त्यांना इंटरनेटवरून वाचून दाखवला. त्याचा मला अजून पश्चात्ताप होतो.

पुढचे कित्येक शनिवार माझे असे गेले. मामांनी गच्चीवर एक लांब बांबू उभा केला होता. त्याच्या टोकाला नवा सोलर दिवा चढवायचा आणि दिवेलागणीला मला स्कूटरवरून दोन मैल दूर, महामार्गावरच्या फाट्यावर पाठवायचं. मधल्या उसाची तोड झालेली असल्यामुळे तिथून घराची गच्ची सरळ दिसे. मी वडापावच्या गाड्याशेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा चुकवत उभी. मग फोन यायचा.

"रिपोर्ट दे."

"दिसतोय."

"कसा दिसतोय?"

"दिव्यासारखा."

"ह्याला रिपोर्ट म्हणत्यात व्हय?"

पहिल्या शनिवारी वडापाववाला मला विचारत होता, "कुणाची वाट बघताय, ताई?" चौथ्या शनिवारी तो मी न विचारताच सांगू लागला, "आज जरा मंद हाय, कळवा सुभेदारांना."

दिवे एकेक करून नापास झाले. एकाचं पॅनल एवढंसं होतं, पहाटेपर्यंत बॅटरी टिकेना. दुसरा लुकलुकायचा. मामा म्हणाले, "ह्यो रस्त्याचं काम चालू हाय असं सांगतोय." तिसरा कुणी जवळ आलं की लागणारा निघाला. त्याच्याकडे मामांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "म्हंजे टक्कर झाल्यावर ह्यो बघणार, कोण आलंय ते." चौथा सगळ्या परीक्षांत पास झाला. वीज नावाला खायचा, अंधार पडला की आपोआप लागायचा. तोही त्यांनी उतरवला. का, तर उजेड दवाखान्यासारखा पांढराफटक. जेवायच्या ताटाशेजारी मीटर ठेवून कुठला दिवा रात्रभरात किती वीज खातो ते मोजणारा हा माणूस. आमटी निवत असायची आणि आत्या ती मुकाट्यानं परत गरम करायची. मला तेव्हा त्यांचा खरोखर राग यायचा.

शिडाच्या होड्या वापरणाऱ्या परदेशी लोकांचा एक गट मी इंटरनेटवर शोधून दिला होता. त्यातल्या एकाला मामा 'गोरा' म्हणत आणि त्याला माझ्याकरवी हुकूम सोडत. हुकमांच्या जागी मी विनंत्या लिहायची. एकदा गोऱ्यानं विचारलं, तुमची होडी कुठल्या समुद्रात असते. "लिही, सातारा," मामा म्हणाले. मी लिहिलं, पश्चिम भारत. त्याच गोऱ्यानं सांगितलं होतं की पिवळसर दिवा अजिबात घेऊ नका, काठावरच्या घरातला वाटतो. तोवर गोऱ्याचा शब्द प्रमाण मानणाऱ्या मामांनी नेमका पिवळसर दिवा मागवला. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "गोऱ्याला काय कळतंय?"

फुगवट्यावरच्या नावाड्यांना तर सगळाच प्रकार करमणुकीचा होता. होडी पोहोचली तेव्हा त्यांच्यातला एक म्हातारा डोलकाठीकडे बघत म्हणाला, "थांबल्याली व्होडी कुठं चाललीय, सुभेदार? तिला दिवा कशाला?"

"थांबलेल्यालाच दिवा लागतो, गड्या," मामा म्हणाले. "चालणाऱ्याला कसं कळणार, हितं कोण थांबलंय ते?"

ते वाक्य मी घरी येऊन आत्याला सांगितलं, हसण्यासाठी. आत्या हसली नाही. मेथी निवडता निवडता म्हणाली, "त्याच फाट्यावर उतरायचे सुट्टीवर आले की. येतो म्हणून तार यायची, कवा ते न्हाई. मी गच्चीवरचा बल्ब लावून ठिवायची. आठ-आठ रोज. तितनं दिसायचा म्हणं त्यास्नी." थोड्या वेळानं ती म्हणाली, "पिवळाच असायचा तवा बल्ब." मग तिनं काड्या गोळा केल्या आणि उठली.

ठरलेल्या दिवशी आत्या नवं लुगडं नेसून, भाकरीचं गाठोडं घेऊन काठावर आली. मामांनी होडी टेकवली आणि हात पुढे केला. आत्या नावाड्यांनी दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली.

"मी न्हाई बसायची."

"अगं, दिवा हाय की."

"हाय न्हवं? मग तुमी जावा. मी हितनं बगते."

मामा उभेच राहिले. मला वाटलं, आता आदेश निघणार. पण त्यांनी हात मागे घेतला आणि एकटेच होडी घेऊन गेले. दूर जाऊन त्यांनी नांगर टाकला. डोंगरामागे उजेड संपला आणि डोलकाठीवर आपोआप एक लहानसा पिवळा ठिपका लागला. गोऱ्याचं बरोबर होतं. कुणाच्या तरी घरातला वाटत होता.

माझा फोन वाजला. "रिपोर्ट दे. तिला दिसतोय का इचार."

मी आत्याकडे पाहिलं. "थांब," ती हळूच म्हणाली. "लगीच सांगू नकोस."

मी फोन कानाला लावून गप्प उभी राहिले. मामा "हॅलो, हॅलो" करत होते, मग तेही थांबले. आत्या खुर्चीच्या दांडीवर हात ठेवून पाण्याकडे बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं गाठोड्याची गाठ सोडली.

"दिसतोय म्हणावं," ती म्हणाली. "आन या म्हणावं आता. भाकरी गार होतीय."

मी निरोप शब्दशः सांगितला. पलीकडून रिपोर्ट म्हणून फक्त नांगर ओढल्याचा आवाज आला.