जॉबरचा कान

रफीक जॉबरचा कान सोलापूरच्या यंत्रमागवाल्यांत नावाजलेला. जॉबर म्हणजे बिघडलेला माग ताळ्यावर आणणारा माणूस. बाकीचे जॉबर आधी पाना काढतात, रफीक आधी डोळे मिटतो. चोवीस माग एकदम धडधडत असले तरी कुठल्या मागाचा पट्टा सैल झालाय आणि कुणाचा आडवं सूत नेणारा धोटा घासतोय, हे त्याला दारातूनच कळतं. याला बायकोची हाक ऐकू येत नाही पण नट ढिला झालेला ऐकू येतो, अशी कारखान्यातले लोक त्याची थट्टा करायचे. थट्टा खोटी नव्हती.

घरी पुढच्या खोलीत त्याचा स्वतःचा एक माग होता, टॉवेलचा. त्याच्या मागे, भिंतीला लागून त्याची बायको अजीजा कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात बसणारी सुताची नळी. हात सुतावर आणि तोंडात गाणं, अशी तिची बैठक. पाळण्याची, हळदीची, जात्यावरची दखनी गाणी, सगळी होटगीच्या नानीकडून आलेली आणि कुठंही न लिहिलेली. तीस वर्षं ती गात आली आणि तीस वर्षं रफीक मधूनच हात वर करून म्हणत आला, "अजीजा, जरा गप. मशीन ऐकू दे." ती गप व्हायची. तो पाना फिरवायचा, माग सुधारायचा, आणि ती कधी गाणं पुढे न्यायची, कधी विसरूनही जायची. यात दोघांनाही काही वावगं वाटत नसे. सवयीचं असंच असतं.

यंदा थंडी सरताना अजीजाच्या गळ्यात लिंबाएवढी गाठ निघाली. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं आडपडदा ठेवला नाही. गाठ साधी आहे, पण आवाजाची नस तिला चिकटून आहे. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन. जिवाला धोका नाही, आवाज मात्र आजच्यासारखा राहील याची खात्री देता येत नाही.

"जाऊ दे की," अजीजा रिक्षात म्हणाली. "जीव ऱ्हातोय, बास झालं."

रफीक मनातल्या मनात तिचं एक तरी गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत आठवून बघत होता. एकही पुरं होईना. प्रत्येक गाणं अर्ध्यावर तुटत होतं, आणि कुठं तुटतंय हे त्याला नीट कळत होतं. तिथं त्याचाच आवाज होता. त्या रिक्षात त्याला स्वतःची लाज वाटली. मोहोळला दिलेली त्यांची मुलगी आफरीन सातव्या महिन्यात होती. तिच्या बाळाला ऐकवायला निदान पाळण्याचं गाणं तरी पुरं हवं, असं त्यानं ठरवलं.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी रुद्रप्पा मास्तर राहतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी भजनी मंडळाची गाणी घरच्या घरी रेकॉर्ड करायचा नाद लावून घेतलाय. त्यासाठी जेवणाच्या डब्याएवढं एक मशीन आणलंय, दोन माइक आणि कानाला लावायचे हेडफोन.

"रफीकभाई, ह्यात आठ ट्रॅक हायत," मास्तर म्हणाले. "पेटी एकावर घ्यायची, तबला दुसऱ्यावर, गळा तिसऱ्यावर. पेटी चुकली तर तेवढी पेटीच परत वाजवायची. गळ्याला हात लावायचा न्हाय. आणि कुणाचा आवाज नको असला तर तेवढाच बंद करायचा."

"म्हंजे आमचा ताणाच की," मागावरचे उभे धागे आठवत रफीक म्हणाला. "तुटली ती तार जोडायची, अख्खा ताणा सोडायचा न्हाय."

"व्हय. तुमाला शिकवायला नको."

मास्तरांकडून ते मशीन मागून घेऊन रफीक घरी आला आणि त्यानं पहिलं काम केलं ते माग बंद करायचं. त्याला आवाज कसा निर्मळ हवा होता. खिडक्यांना चादरी टांगल्या, पंखा बंद केला, दाराच्या फटीत टॉवेल कोंबले. अजीजाला खुर्चीवर बसवलं, समोर माइक ठेवला आणि लाल बटण दाबलं.

अजीजा गायली नाही. म्हणजे तोंड उघडलं, दोन शब्द आले आणि तिसऱ्याला ती थबकली. परत सुरू केलं तर चाल धावायला लागली. हात मांडीवर ठेवावेत की कुठं, हेच तिला कळेना. शनिवार असा गेला, रविवार गेला, सोमवारी तर तिला दुसरं कडवंच आठवेना. रफीक शेजारी बसून बटणं दाबत होता आणि घड्याळाकडे बघत होता. मंगळवारी त्याचा तोल गेला.

"अगं, तीस वरसं गातीस, आणि आत्ताच काय झालं?"

या घरात प्रेमाचं बोलणं दखनीत चालतं आणि भांडण मराठीत. अजीजानं मराठीच काढली.

"तीस वरसं मशीन ऐकायला मला गप केलं तुमी. आता मला ऐकायला मशीन गप केलंय. आमी दोगी एकदम तुमाला कदी चाललोच न्हाय काय, आफरीनचे अब्बा? मी त्या मशीनच्या ठोक्यावर गाते. ते बंद, तर मी कशावर पाय ठेवू?"

दोन मागांची लय जुळवणाऱ्या माणसाला हे समजायला चार दिवस लागले होते. रफीक उठला आणि त्यानं खिडक्यांवरच्या चादरी काढल्या.

बुधवारी सकाळी माग सुरू झाला. एक माइक मागाजवळ, त्याचा ट्रॅक वेगळा. दुसरा अजीजाच्या ओठांजवळ, त्याचा वेगळा. नंतर मागाचा ट्रॅक बंद करता येईल, हा बेत अजून त्याच्या मनात होताच. अजीजा कांड्या भरायला बसली. हात फिरायला लागले आणि तिनं पाळण्याचं गाणं उचललं. आगगाडीनं येणारी मावशी, तिच्या पदरातले पेरू, एकेक पेरू देऊन बाळाची झोप विकत घेणारी चांदणी. रफीकनं यातलं निम्मं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्याचे डोळे भरून आले.

शेवटच्या कडव्याला मागाचा सूर बदलला. पट्टा सैल झाला होता, धोटा उशिरा पोचत होता. आणि रफीकचा हात वर गेला.

"अजीजा, जरा गप."

शब्द तोंडातून गेले तेव्हा त्याला कळलं. पण अजीजा थांबली नाही. तिनं त्याच्याकडे बघितलं, आवाज थोडा चढवला आणि गात राहिली. मागातून खराब कापड पडत होतं, वीण बिघडलेला टॉवेल त्याला समोर दिसत होता. जॉबरनं असा माग चालू ठेवणं म्हणजे स्वैपाक्यानं भाकरी करपू देणं. तरी त्यानं तो चालू दिला, गाणं संपेपर्यंत.

हेडफोन लावून ऐकलं तर दोन्ही ट्रॅकवर त्याचं ते वाक्य स्पष्ट बसलेलं. आता कुठलाही एक बंद करून ते जाणार नव्हतं.

"परत घेऊ," तो खालमानेनं म्हणाला.

"नको," अजीजा म्हणाली. "नातवाला कळू दे, नाना कसा हुता. आणि नानी थांबली न्हाय, हे बी कळू दे."

ऑपरेशन नीट पार पडलं. महिनाभर तिला बोलायला बंदी होती. बंदी उठली तेव्हा जो आवाज निघाला तो जाडा, तुटका होता. डॉक्टर म्हणाले, सुधारेल, किती ते सांगता येत नाही. गाणं आफरीनकडे गेलं होतं. मागाचा आवाज रफीकनं बंद केला नाही, थोडासा खाली आणला, एवढंच.

मग एका दुपारी माग चालू होता आणि अजीजा भिंतीशी कांड्या भरत होती. रफीक नेहमीसारखा डोळे मिटून उभा होता. पट्टा परत कुरकुरत होता. आणि त्या धडधडीच्या खाली त्याच्या कानाला अजून काहीतरी लागलं, खरखरीत, धाप लागलेलं, मावशीच्या पेरूंपर्यंत येऊन अडखळणारं. शेजारच्या कुणाला ते ऐकूही आलं नसतं.

सवयीनं त्याचा हात वर निघाला होता. तो त्यानं खाली घेतला, पाना खिशात टाकला, आणि गाणं संपेपर्यंत तोच गप उभा राहिला.